तपासणी कोणाची?

गर्भपातापूर्वी स्त्रीची नीट वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, या म्हणण्याला विरोध करणारा माणूस आम्हांला अद्याप भेटलेला नाही. डॉक्टर मान डोलावतात, सरकारी अधिकारी मान डोलावतात, आणि गर्भपाताला सर्वस्वी विरोध असणारे आमच्यासारखे धर्मगुरूही, काहीसे अवघडून का होईना, मान डोलावतात. एवढे एकमत असताना ती तपासणी होत का नाही? आमचे उत्तर कडू आहे. तपासणी होते, परंतु ती स्त्रीची होत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आम्ही जे पाहिले व ऐकले, त्यावरून सांगतो: जेथे मुलगी नको म्हणून गर्भ पाडला जातो, तेथे आधी एकच गोष्ट तपासली जाते. पोटातील जीव मुलगा आहे की मुलगी.

२०२४ साली इंदापूर तालुक्यातील एका खेड्यात घडलेली घटना वाचकांच्या स्मरणात असेल. ऐन तारुण्यातील एक विवाहिता. पोलिसांकडे आलेल्या तक्रारीप्रमाणे गर्भलिंगनिदान करून घेण्यात आले, मुलगी आहे असे कळले, आणि मग रुग्णालयात नव्हे, तर राहत्या घरी खासगी डॉक्टरला बोलावून गर्भपात करण्यात आला. रक्तस्राव थांबेना. ती दगावली. चार महिन्यांचा गर्भ शेतात पुरलेला होता. सासरच्या माणसांना अटक झाली. कोण किती दोषी हे न्यायालय ठरवील. ते आमचे काम नव्हे. आम्हांला त्या बातमीतील एकच गोष्ट कित्येक दिवस छळत राहिली. तिच्या पोटात डोकावण्यासाठी यंत्र मिळाले, यंत्र चालविणारा मिळाला, त्यासाठी लागणारा पैसा मिळाला. तिच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब पाहण्याची सवड कोणाला झाली असेल, असे वाटत नाही.

हा प्रदेश काही अडाणी, कंगाल नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी येथे पिढ्यान्‌पिढ्या खेळते आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांच्या चिमण्या दुरून दिसतात. इंदापुराकडे उजनीच्या फुगवट्याच्या काठाने ऊस आहे, द्राक्षे आहेत, डाळिंबे आहेत. बारामतीत महाविद्यालये आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्त्रियांसाठी शासकीय रुग्णालय आहे. म्हणजे ज्याला तपासणी हवी, त्याला ती मिळण्यासारखी स्थिती आहे. तरीही हातात घेऊन फिरता येणाऱ्या सोनोग्राफी यंत्रासह डॉक्टर पकडला गेल्याची बातमी याच भागातून येते. दवाखाना सोडून वस्तीवर, मोटारीत, कोणाच्या तरी माजघरात ही तपासणी चालते. जे अज्ञानाने होते ते शिक्षणाने जाईल, असे आमच्या पिढीला शिकविले गेले होते. येथे मात्र शिक्षण आणि पैसा यांच्या मदतीनेच ते होते आहे.

खरी तपासणी म्हणजे काय, हे आम्ही परिचित डॉक्टरांकडून आणि आमच्या धर्मग्रामातील परिचारिका भगिनींकडून समजून घेतले. ते वाचकांनाही ठाऊक असावे. गर्भ किती आठवड्यांचा आहे हे प्रथम पाहावे लागते, कारण त्यावर सारे अवलंबून असते. तो गर्भाशयातच आहे, नलिकेत अडकलेला नाही, याची खात्री करावी लागते. नलिकेतील गर्भावर गोळ्या लागू पडत नाहीत, आणि नलिका फुटली तर काही तासांत बाई हाताची जाते. रक्तदाब पाहावा लागतो. आधी सिझेरियन झाले आहे का, दमा आहे का, रक्त गोठण्याचा काही दोष आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारावे लागते. हिमोग्लोबिन पाहावे लागते, कारण महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. जिच्या अंगात रक्तच कमी, तिला थोडा रक्तस्रावही पुष्कळ होतो. रक्तगट पाहावा लागतो. आर-एच निगेटिव्ह असलेल्या स्त्रीला, विशेषतः तीन महिने उलटून गेल्यावर, बहात्तर तासांच्या आत अँटी-डी हे इंजेक्शन मिळाले नाही, तर तिच्या पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. ज्या सुनेकडून 'पुढच्या खेपेला' मुलाची अपेक्षा आहे, तिचा रक्तगटही विचारला जात नसेल, तर या लोकांना मुलगा तरी खरोखर हवा असतो का, असा प्रश्न आम्हांला पडतो.

या सगळ्याहून मोठी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी लक्ष वेधीत नाही. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विश्वासाने सांगता येते ते साधारणपणे तीन महिने उलटल्यावर. म्हणजे लिंग पाहून केलेला गर्भपात स्वभावतःच उशिराचा असतो. चौथ्या-पाचव्या महिन्यातला असतो. गर्भपाताच्या गोळ्यांना आपल्या देशात नऊ आठवड्यांपर्यंतच मान्यता आहे, आणि त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याच गोळ्या चोरून मिळवून सोळाव्या आठवड्यात घरात दिल्या जातात. तेव्हा लिंगाची तपासणी ही स्त्रीच्या तपासणीला नुसती वगळते असे नाही. ती तिला थांबवून ठेवते, धोका वाढेपर्यंत थांबवून ठेवते, आणि मग अंधारात ढकलते. कारण जे गुन्ह्याने कळले आहे, ते घेऊन उजेडातल्या रुग्णालयात जाता येत नाही. म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये एका तरुण स्त्रीच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. त्या दवाखान्याचा डॉक्टर होमिओपॅथीचा होता. २०१२ साली परळीत असेच एका स्त्रीच्या मृत्यूमुळे सारे बाहेर आले. २०२२ च्या जूनमध्ये बीड जिल्ह्यात पुन्हा तेच. प्रत्येक वेळी बाई मेली म्हणून कळले. ज्या जगल्या, त्यांचे काय झाले, कोणाला कळले?

कायदे नाहीत असे नाही. १९६४ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचेच मंत्री शांतिलाल शहा होते. तिच्या अहवालावरून १९७१ चा गर्भपाताचा कायदा आला. आम्ही त्या कायद्याशी कधीच सहमत होऊ शकत नाही, हे येथे एकदा स्पष्ट नोंदवून ठेवतो. गर्भधारणेच्या क्षणापासून मनुष्यजीवन पवित्र आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही पाळकाच्या नात्याने सांगतो आणि माणूस म्हणूनही मानतो. परंतु त्या कायद्यानेसुद्धा गर्भपाताला कारण लागते असे म्हटले, प्रशिक्षित डॉक्टर लागतो, मान्यताप्राप्त जागा लागते, स्त्रीची लेखी संमती लागते असे म्हटले. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली. मुलगी असणे हे कारण मात्र त्या दुरुस्तीतही नाही, असूच शकत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली सर्वोच्च न्यायालयात जे गेले, त्यांत आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात काम करणारी 'मासूम' ही संस्था होती. गर्भपाताविषयी त्या भगिनींचे आणि आमचे कधी पटणार नाही. पण सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंद व्हावी म्हणून न्यायालयाचे दार त्या ठोठावीत होत्या, तेव्हा आम्ही कोठे होतो? आमच्यापैकी बहुतेक जण मे महिन्याच्या जपमाळेच्या तयारीत होतो. जपमाळ वाईट नव्हे. पण जिच्या नावाने ती म्हटली जाते, ती माता स्वतः गरोदर असताना डोंगराळ मुलुखात चालत आपल्या नातलग स्त्रीची विचारपूस करायला गेली होती.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. १९९१ साली ९४६ होत्या. बीड जिल्ह्यात त्या ८०७ वर आल्या. कायदा झाल्यानंतरच्या दशकांत मुली घटल्या, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या घरात बसून लावावा.

आता आमच्याच माणसांचे दोन आक्षेप. पहिला आक्षेप काही सहकारी धर्मगुरूंचा आहे. ते म्हणतात, 'फादर, गर्भपातापूर्वीची तपासणी चांगली व्हावी असे तुम्ही म्हणता, म्हणजे गर्भपात चांगला व्हावा असेच म्हणता. वाईट गोष्ट सुरक्षित करण्याची चिंता पाळकाने का वाहावी?' आक्षेप हलका नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'जीवनाचे शुभवर्तमान' या १९९५ च्या विश्वपत्रात गर्भपाताचा निषेध निःसंदिग्ध शब्दांत केला आहे. पण त्याच पत्रात, वाईट कायदा पूर्णपणे रद्द करणे शक्य नसेल तेथे त्याची हानी कमी करणाऱ्या उपायाला पाठिंबा देण्याची मुभाही त्यांनी लोकप्रतिनिधींना दिली आहे, आणि स्त्रीवर दडपण आणणाऱ्या पतीचे, कुटुंबाचे व मित्रांचे दायित्व वेगळे दाखवून दिले आहे. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. खरी तपासणी ही गर्भपाताची तयारी नव्हे. ती स्त्रीशी होणारी पहिली भेट आहे. तिच्यात डॉक्टर बाईच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्या भेटीत बाळ वाचण्याचा संभव असतो. माजघरातल्या गोळीत तो नसतो.

मात्र येथे एक दक्षता हवी. परदेशात काही जीवनवादी मंडळी अशा तपासण्यांचा उपयोग अडथळा म्हणून करू पाहतात. बाईने कंटाळून परत जावे, एवढाच हेतू. हे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. आमचा 'नाही' आम्ही व्यासपीठावरून उघड म्हणतो. तो रक्ताच्या बाटलीत लपवून दवाखान्यात पाठविण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेने गर्भावस्थेतील निदानालाही विरोध केलेला नाही. १९८७ साली व्हॅटिकनने दिलेल्या मार्गदर्शनात, ज्या तपासणीने गर्भाचे वा मातेचे रक्षण होते, ती योग्य मानली आहे. गर्भ पाडण्याच्या हेतूने केलेली तेवढी निषिद्ध. सोनोग्राफीचे यंत्र तेच. सूर्यप्रकाश तोच असतो, उघड्या खिडकीतून आत कोण पाहतो एवढाच फरक.

दुसरा आक्षेप धर्मग्रामातील कुटुंबांचा. 'हे आपल्यात होत नाही.' आम्हीही वीस वर्षे हेच म्हणत होतो. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर जिलेबी, ही रीत आपल्या घरांतून गेली आहे का? बाप्तिस्म्याच्या जेवणाला दुसऱ्या मुलीच्या वेळी पाने का कमी होतात? इतके दिवस आम्हांला हे दिसत होते, आणि आम्ही वरण-भाताची स्तुती करून घरी येत होतो.

सांगावे की न सांगावे याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कबुलीजबाबात ऐकलेला शब्द धर्मगुरूच्या ओठांवर वा लेखणीवर कधीही येत नाही, येणार नाही. जे सांगतो ते ओसरीवर बसून, दिवसाढवळ्या ऐकलेले आहे, आणि जिने सांगितले तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके बदलून सांगतो. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एक वयस्कर बाई मिस्साचा हेतू घेऊन आल्या. धाकट्या सुनेला दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. 'फादर, या वेळी मुलगा व्हावा म्हणून मिस्सा ठेवा.' आम्ही नोंदवहीत लिहिले: विशेष हेतूसाठी. रविवारी वेदीवरून तसेच वाचले. एक प्रश्न आम्ही विचारला नाही. मुलगी असली तर काय करणार? तो विचारायला धर्मशास्त्राची चार वर्षे लागत नाहीत. आम्ही मात्र ती चार वर्षे पुरी करूनही गप्प राहिलो.

दीड वर्षाने सून बोलली. सोनोग्राफी झाली, घरच्यांना 'कळले', आणि तिला एका दवाखान्यात नेण्यात आले. त्या दवाखान्याचे नाव आम्ही सांगणार नाही. ती म्हणाली, 'फादर, सगळ्यांनी सगळं विचारलं. किती महिने, जेवलीस का, पैसे कोण भरणार. मला काय पाहिजे, ते कुणी विचारलंच नाही.' कागदावर सही तिचीच होती. तो कागद तिच्यापुढे धरला तेव्हा एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला सासू उभी होती. बाईंनी विचारले, 'करायचं ना गं?' आणि सासूने उत्तर दिले. पुढे आठ महिने तिला अशक्तपणाने उठवत नव्हते. तिचे हिमोग्लोबिन किती होते, हे तिला पहिल्यांदा कळले ते त्यानंतर, दुसऱ्याच गावी.

कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते. पतीच्या सहीची गरज नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पतीची सही आधी आणि हिची मागाहून घेतली जाते. आमच्या मते गर्भपातापूर्वीची सगळ्यांत महत्त्वाची तपासणी हीच, आणि तिला यंत्र लागत नाही. एक पडदा लागतो. नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसविण्याचे धैर्य लागते. 'बाई, तुमच्यावर कोणी जबरदस्ती करते आहे का?' एवढे वाक्य लागते. दडपण केवळ सासरचेच असते असेही नाही. कारखान्यांच्या हंगामात बीड-नगरकडून आमच्या फडांत येणाऱ्या ऊसतोड जोडप्यांना 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड. त्या बाईला बाळंतपण परवडत नाही, पाळी परवडत नाही. गर्भाशये काढून टाकण्याच्या प्रकाराची २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली, ती याच मजुरांच्या बायकांची. तिने कागदावर अंगठा दिला, म्हणून ती तिची इच्छा झाली काय?

ख्रिस्तसभेचा कायदा या बाबतीत आपल्या समाजापेक्षा दयाळू आहे, हे थोड्या लोकांना ठाऊक असते. गर्भपाताला बहिष्काराची शिक्षा आहे, एवढेच सर्वांना पाठ. परंतु जी गंभीर भयापोटी वश झाली, तिला ती शिक्षा आपोआप लागत नाही, असेही त्याच धर्मविधीत आहे. आणि ज्यांच्या मदतीवाचून हे कृत्य घडलेच नसते, ते साथीदार त्या शिक्षेतून सुटत नाहीत. तेव्हा पैसे मोजणारा नवरा आणि गाडी ठरविणारी सासू यांनी पुढच्या बाकावर बसून सुनेच्या पापासाठी उसासे टाकण्यापूर्वी हे वाचावे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. दार उघडे आहे. केवळ सुनेसाठीच उघडे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

आपल्या कॅथलिक रुग्णालयांत गर्भपात होत नाहीत, याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. पण आपल्या किती मुली आणि भगिनी खासगी दवाखान्यांत परिचारिका म्हणून काम करतात! केस पेपर त्यांच्याच हातांतून जातात. निर्गमाच्या ग्रंथात फारोने शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना आज्ञा केली होती: इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर मारा, मुलगी झाली तर जगू द्या. त्या देवाला भ्यायल्या आणि त्यांनी राजाचे ऐकले नाही. आपल्याकडच्या फारोने आज्ञा उलटी फिरविली आहे, एवढेच. आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका आम्हांला म्हणाल्या, 'फादर, मी नोकरी सोडावी असे तुम्ही म्हणाल, तर घरी दोन लेकरे आहेत.' आम्ही तसे म्हटले नाही. गर्भपाताच्या कृतीत हात लावू नका, असे मात्र म्हटले. आणि पडदा ओढा, बाईला एकटीला विचारा, तिचे उत्तर केस पेपरवर लिहा. त्यांनी ते केले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. लिहिले असेल तर मोठ्या डॉक्टरांना ते आवडले नसणार.

गेल्या आगमनकाळात त्याच वयस्कर बाई पुन्हा धर्मगुरूनिवासात आल्या. आता नातसुनेसाठी. हातात तीच कापडी पिशवी, पिशवीत पाकीट. 'फादर, मुलगा व्हावा म्हणून मिस्सा.' आम्ही नोंदवही उघडली आणि त्यांच्या देखत लिहिले: माता व बाळ यांच्या सुखरूपतेसाठी. त्यांनी चष्मा लावून ते वाचले. मग आम्ही तो प्रश्न विचारला, जो तेव्हा विचारायला हवा होता, आणि नातसुनेचे रक्त तपासले का, हेही विचारले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाकीट टेबलावर ठेवले, परत उचलले, पुन्हा ठेवले. 'उद्या नेते तिला तपासायला,' एवढे म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. कोणत्या तपासणीला, ते आम्ही दारात जाऊन हाक मारून विचारले.